शून्य यार्डावरचा माणूस

१

शनिवारी दुपारी बाराला गिरणीचा भोंगा झाला की एनॉक थ्रेलफॉल आपले चारही माग बंद करायचा. कानातला, नाकातला कापूस धुऊन काढायचा. बहिणीच्या घरी चहा आणि दोन ओटच्या भाकऱ्या, एवढंच खायचा. मग धावायचे बूट रुमालात बांधून क्रिकेटच्या मैदानाकडे चालू लागायचा. सहा उन्हाळे हाच क्रम होता. शर्यत होईपर्यंत मांस नाही, बिअर नाही, बोलणं नाही. ऑल्डरक्लफ गावात त्याला कुणी शनिवारी वाटेत अडवत नसे.

जूनचा दुसरा शनिवार होता. शर्यत एका मैलाची. मैदान लहान, म्हणून मैलाला साडेचार फेऱ्या. सुरुवात नदीकडच्या बाजूने, शेवट समोर पॅव्हेलियनपाशी. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे सूट मिळायची. कुणी रेघेच्या वीस यार्ड पुढे उभा, कुणी साठ, कुणी शंभराच्या वर. एनॉकला सूट नव्हती. तो शून्य यार्डावर, मूळ रेघेवर, सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहायचा. त्याच्या मागे फक्त नदी होती. ती जागा क्लबात एकाच माणसाची असते, आणि तिच्यापुढे एनॉकला राजाची खुर्ची दिली असती तरी त्याने घेतली नसती.

पिस्तूल वाजलं. तो नेहमीसारखा धावला. शेवटच्या वळणावर पुढे उरलेल्या एकमेव माणसालाही त्याने मागे टाकलं. समोर चाळीस यार्ड मोकळं गवत, आणि दोन खांबांमध्ये छातीच्या उंचीवर ताणलेला तांबडा लोकरी धागा.

चार पावलं उरली होती. धागा पडला.

तुटून दोन्हीकडे लोंबला आणि गवतावर आला. एनॉक त्याच्यावरून धावत गेला. छातीला काही लागलं नाही.

"पहिला, थ्रेलफॉल," म्हातारा एब्रॅम एंटविसल कर्ण्यातून ओरडला. तो क्लबाचा पंच होता, चाळीस वर्षं त्याच खांबापाशी बसणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दम खाली बसण्याआधीच एनॉक धागा धरणाऱ्या दोघांवर गेला. हात ढिला का सोडला, असं त्याने विचारलं. त्यांनी सोडला नव्हता. मग कुणी तोडला? वाऱ्याने तुटला असेल, एक म्हणाला. एनॉकने हात वर करून गिरणीचं धुराडं दाखवलं. धूर काठी उभी करावी तसा सरळ वर जात होता.

"कसला वारा?" एनॉक म्हणाला. "मैलभर छाती फोडून घ्यायची मी, आणि धागा तोडायचा वाऱ्याने?"

दोघांनी खांदे उडवले. जिंकलास ना बाबा, एवढंच त्यांचं म्हणणं. जिंकला होता खरा. पण ज्याने कधी धागा छातीवर घेतलेला नाही, त्याला धाग्याचं काय कळणार? त्या दिवशी एनॉक बक्षिसाची ताटली तिथेच बाकावर ठेवून घरी गेला. बहिणीने विचारलं तेव्हा म्हणाला, वजडीत मीठ कमी आहे.

२

शून्याची जागा त्याची नव्हती. म्हणजे मुळात नव्हती.

चार उन्हाळे तिथे सेथ डक्सबरी उभा राहायचा. सेथही त्याच गिरणीत, त्याच खात्यात, एनॉकच्या शेजारच्या मागांवर. एनॉकला पंधरा यार्डांची सूट असायची. ती पंधरा यार्डं सेथ तिसऱ्या फेरीत खाऊन टाकायचा आणि मग एनॉकला दिसायची त्याची पाठ. डावा खांदा किंचित पडलेला, उजवी कोपर बाहेर. शर्यत संपली की दोघं मिळून नदीवर पाय धुवायचे. सेथ चेष्टेखोर. "एनॉक, माझ्या सदऱ्याच्या पाठीला टाके किती ते तुला पाठ झालं असेल," असं म्हणायचा.

मागच्या ऑक्टोबरात सेथला क्लबातून काढलं. जन्मभरासाठी.

हौशी धावणाऱ्यांचा नियम कडक होता. पैशासाठी धावला तो धंदेवाईक, हे तर झालंच. पण जो एकदा जरी धंदेवाइकाबरोबर एका शर्यतीत धावला, तोही धंदेवाईक. त्याला माहीत असो, नसो. एक पैसाही घेतलेला नसो. बाटला तो बाटला. मग त्याच्याबरोबर जो धावेल, तोही बाटला. मोसम संपल्यावर माळावरच्या एका गावच्या जत्रेत सेथ गंमत म्हणून धावला. त्याच शर्यतीत खोटं नाव सांगून शेफील्डचा एक धंदेवाईक धावपटू धावत होता. पुढे ते उघडकीला आलं. सेथ त्या शर्यतीत पहिला आला होता, त्यामुळे त्याचंच नाव सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

समितीने नुसतं काढलं नाही. पॅव्हेलियनमधल्या फळ्यावरून त्याचं नाव खरवडलं. त्याने जिंकलेल्या अकरा शर्यती, ज्याचा दुसरा नंबर होता त्याच्या नावे केल्या. अकरांतल्या नऊ शर्यतींत दुसरा एनॉक होता. भिंतीवरचं घड्याळ, सुऱ्यांची पेटी, चहाची किटली, सगळी बक्षिसं सेथच्या घरून आली. नावाच्या पितळी पट्ट्या उपटून नव्या ठोकल्या. सेथची बायको लेटिस हातगाडीमागून चौकापर्यंत चालत आली आणि तिथून परत गेली. 

एनॉकने ते घड्याळ भिंतीला लावलं. लावायला नको होतं का? समितीने दिलं, नियमाने दिलं. त्याने मागितलं नव्हतं. समितीने साक्षीला बोलावलं तेव्हा एकच प्रश्न केला होता, डक्सबरीला त्या शर्यतीत धावताना तू पाहिलंस का? पाहिलं, असं त्याने सांगितलं. खरं होतं ते. खरं बोलणं हा काही गुन्हा नाही.

हे त्याने हिवाळाभर स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की सांगताना आता रागच यायचा.

३

पुढच्या शनिवारी त्याने बहिणीकडून नवी लोकर घेतली, दुहेरी पिळली, आणि स्वतः खांबाला बांधून दिली. धरायला माणूस नकोच. दोन्हीकडे गाठी. एंटविसलने बघितलं आणि पाइप दुसऱ्या गालात ढकलला.

एनॉक नऊ पावलांवर असताना धागा तुटला.

एनॉकने दोन्ही तुकडे आणून एंटविसलच्या मांडीवर टाकले. "एब्रॅमकाका, डोळ्यांदेखत झालं. काय पाहिलंत ते सांगा."

"तू पहिला आलास ते पाहिलं."

"धागा मी तोडला?"

म्हाताऱ्याने तुकडे गुंडाळून खिशात घातले. "पोरा, मला समितीने कागद दिलाय. कुणाचं नाव पुकारायचं आणि कुणाचं नाही, ते त्यात आहे. ज्याचं नाव पुकारायचं नाही त्याच्या मागचा जो असेल त्याचं मी पुकारतो. मला पोटं भरायची आहेत घरची."

"माझ्यापुढे कुणी नव्हतं."

एंटविसल उठला. खुर्चीची घडी घातली. जाताना म्हणाला, "मग बरंच आहे की."

एनॉक तिथेच उभा राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हातारा थकला, त्याला दिसत नाही, पंच बदलायला हवा, असं तो कपडे बदलताना चार लोकांना ऐकू जाईल असं बोलला.  त्यांच्यात पलीकडच्या गावचा एक पोस्टमन होता. सत्तर यार्डांची सूट घेऊन धावलेला, सरळ माणूस. तो बुटाची नाडी सोडत म्हणाला, की थ्रेलफॉल, तुला एक विचारू का, रागावू नकोस.

"विचार."

"तू मला दोनदा कसा मागे टाकलंस?"

एनॉकला कळेना. पोस्टमन सांगू लागला. चौथ्या फेरीत मागून पावलं आली, श्वास आला. रीतीप्रमाणे तो बाजूला सरकला. कुणीतरी गेलं, अंगाला हवा लागली. थ्रेलफॉल गेला असं धरून तो परत वाटेच्या आतल्या दोरीकडे आला. तर मागून पुन्हा पावलं. पुन्हा सरकला. या वेळी गेला तो थ्रेलफॉल.

"मला वाटलं, मलाच चक्कर आलीय. पण हा पण सरकला दोनदा." त्याने शेजारच्याकडे बोट केलं. शेजारचा मान खाली घालून मोज्यांच्या घड्या घालत होता. मोज्यांना इतक्या घड्या कुणी घालत नाही.

४

सोमवारी एनॉक कामावर गेला तो एकच विचार घेऊन. ही सेथची करामत आहे. कशी, ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या कुणाला यात रस असणार? माणूस वाळीत पडला की त्याला हजार खोड्या सुचतात.

मागखात्यात आवाज इतका की तोंडाशी तोंड लावून बोललं तरी ऐकू जायचं नाही. तिथे बोलायचं ते ओठांनी. ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. बायका पुरुष सगळे त्यात तरबेज. खात्याच्या या टोकाची गोष्ट त्या टोकाला कळायची. सेथ ऑक्टोबरापासून एनॉकशी ओठांनीसुद्धा बोलला नव्हता. मान खाली घालून धोटे बदलायचा.

एनॉकने आज त्याच्याकडे नीट पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. सेथ बत्तीस वर्षांचा, पण गालफडं बसली होती. पोटऱ्या लाकडासारख्या कडक दिसत होत्या, रोज धावणाऱ्याच्या असतात तशा. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. हे दुखणं एनॉकला ओळखीचं होतं. मोठ्या शर्यतीनंतर दोन दिवस असं होतं.

म्हणजे चोरून सराव करतोय. एनॉकला बरं वाटलं. काहीतरी हाताला लागलं.

तेवढ्यात सेथने मान वर केली. सरळ एनॉककडे बघून त्याचे ओठ हलले. एनॉकने वाचलं. वाचून विश्वास बसेना म्हणून भुवया उडवल्या. सेथने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, लहान पोराला सांगावं तसं.

बस कर आता. दमलो मी.

५

पुढच्या शनिवारी एनॉक मैदानावर गेला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. क्लबाला निरोप पाठवला, घोटा दुखतोय. आणि तीन वाजता सेथच्या दारात जाऊन उभा राहिला. शर्यत सव्वातीनला सुटायची. सेथ घरी नसणार, याची त्याला खात्री होती. नदीकाठच्या झुडपांत कुठेतरी दडलेला असणार. आज लेटिसच्या तोंडावर हे सिद्ध करायचं.

दार लेटिसने उघडलं. काही न विचारता बाजूला झाली. "आलास? बस. पण बोलू नकोस, त्याचा डोळा लागलाय."

सेथ चुलीपुढे खुर्चीत होता. पायात मोजे, अंगात सदरा, डोळे मिटलेले. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली गोल फिकट डाग. तिथे घड्याळ असायचं. एनॉकने तिकडून नजर काढली.

घरात शांतता होती. जुनी किटली चुलीवर नुसती गुणगुणत होती. मैदान इथून पाऊण मैल दूर, टेकाडापलीकडे. तिथला काही आवाज इथे येणं शक्य नव्हतं. लेटिसने परसातल्या दोरीवरून एक पंचा आणला आणि मांडीवर घेऊन बसली. जणू काही वेळ ठरलेली होती.

मग सेथचा श्वास बदलला.

आधी लांब झाला. मग ठेक्यात पडला. दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. एनॉक चार वर्षं या श्वासामागे धावला होता, अंधारात सोडलं असतं तरी त्याने ओळखला असता. ही पहिली फेरी. ही दुसरी. सेथचे हात खुर्चीवर निपचित, पाय जमिनीवर निपचित. तिसऱ्या फेरीत श्वास एकेक पावलावर आला. कपाळावर घाम डवरला, मग मानेवर, सदरा छातीला चिकटला. चौथी. आता माणसं ओलांडायची वेळ. श्वास क्षणभर आखडला, जागा होण्याची वाट बघितल्यासारखा, आणि पुन्हा सुटला. असं अकरा वेळा झालं. एनॉकने मोजलं. आजच्या यादीत एनॉक सोडून अकराच माणसं होती.

शेवटी शेवटी तो श्वास राहिला नाही. लाकूड करवतावं तसा आवाज येत होता. ओठ निळे पडले. मग एक झटका, छाती पुढे, आणि सगळं ढिलं.

लेटिसने उठून त्याचं तोंड पुसलं, मान पुसली, सदऱ्याची बटणं सोडली. हाताला सवय होती. "दर शनिवारी," ती म्हणाली. "एप्रिलपासून, तुमच्या शर्यती सुरू झाल्यापासून. डॉक्टर म्हणतो, याचं काळीज सत्तरीच्या म्हाताऱ्याचं झालंय. याला दमणं तेवढं कळतं, बाकी काही आठवत नाही. उठला की विचारतो, माझं नाव पुकारलं का?"

एनॉक म्हणाला, की हा आजार आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं, मँचेस्टरला. आपलाच आवाज त्याला चढा वाटला.

"एनॉक," लेटिस म्हणाली. ती अजून सेथची मान पुसत होती. "त्या जत्रेला मीही होते. टोप्या मीच धरल्या होत्या. दोघांच्या."

६

समितीने विचारलं होतं, डक्सबरीला धावताना पाहिलंस का. त्याने सांगितलं, पाहिलं. कुठून पाहिलंस, हे कुणी विचारलं नाही.

तीन यार्ड मागून पाहिलं होतं. एनॉक त्या शर्यतीत चौथा आला होता. चौथ्याकडे कोण बघतं? नाव त्याने नुसतं 'टॉम' सांगितलं होतं. सेथने समितीपुढे एनॉकचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर दोघं गेले असते. ते का घेतलं नाही, असं एनॉकने कधी विचारलं नव्हतं. आता रविवारी प्रार्थनेत बसून त्याला वाटलं, घ्यायचं होतंस ना मग. मी सांगितलं होतं का गप्प बस म्हणून? आता माझ्यापुढे धावून दाखवतोस?

पण राग टिकेना. त्याच्या जागी तो करवतीचा आवाज येत राहिला.

सोमवारी संध्याकाळी तो क्लबाचे सचिव क्रॉशॉसाहेब यांच्या घरी गेला. क्रॉशॉ गिरणीच्या कचेरीतले वरचे साहेब. त्यांनी त्याला बैठकीत घेतलं. असं कधी झालं नव्हतं. टेबलावर एक तार होती. ती त्यांनी आधीच वाचून दाखवली. लंडनच्या सामन्याला परगण्याकडून मैल धावायला थ्रेलफॉलची निवड. ऑल्डरक्लफमधून इतक्या वर पोचलेला पहिला माणूस. येत्या शनिवारी क्लबाची शेवटची शर्यत, ती झाली की निघायचं.

एनॉकने तार हातात घेतली. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. ती परत टेबलावर ठेवली, टोपी काढली, आणि जत्रेची हकिगत सांगितली. थोडक्यात, उभ्याने. सेथचं नाव परत फळ्यावर लिहा आणि काढायचं असेल तर मलाही काढा, म्हणाला.

क्रॉशॉ रागावले नाहीत. त्याचंच एनॉकला नवल वाटलं.

"थ्रेलफॉल," ते म्हणाले, "तू त्या दिवशी बाटलास असं धरू. त्यानंतर तुझ्याबरोबर कोण कोण धावलं?"

एनॉकने विचार केला. आपला क्लब, साठ माणसं.

"आणि आपल्या साठांबरोबर?"

शेजारचे सहा क्लब. इस्टरला परगण्याचे सगळे.

"आणि परगण्याबरोबर मेमध्ये यॉर्कशर धावलं. तुझं खरं मानलं की ते सगळे बाटले. माहीत नव्हतं ही सबब नियमात नाही. त्यांच्याबरोबर जे धावले, तेही गेले. उत्तरेत धावायला माणूस उरणार नाही. एका विणकऱ्याच्या मनाला टोचणी लागली म्हणून?" त्यांनी तार उचलून त्याच्या खिशात घातली, स्वतःच्या हाताने. "तू काही सांगितलं नाहीस. मी काही ऐकलं नाही."

"साहेब, तो मरेल."

"त्याने धावणं सोडून आठ महिने झाले."

"मी खरं सांगतोय."

"खरं काय ते समितीने ऑक्टोबरात ठरवलंय," क्रॉशॉ म्हणाले, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

एनॉक रस्त्यावर आला.   सत्तावीस वर्षांत त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा तो सगळं खरं बोलला तर म्हणाले, तू बोललाच नाहीस. एक माणूस पुसायला यांना एक संध्याकाळ पुरली. तो परत लिहायला यांच्याकडे खडू नाही.

बरं, त्याने मनाशी म्हटलं. मग मीही धावत नाही. सगळ्यांसमोर रेघेवर नुसता उभा राहिलो तर माझं नाव कसं पुकारतील?

७

शनिवारी मैदानाला गर्दी होती. लंडनला जाणारा माणूस बघायला बाया पोरं घेऊन आल्या होत्या. बाहेरच्या दोरीला लागून तीनपदरी रांग, सगळ्या मैदानाभोवती. फक्त नदीकडच्या सुरुवातीच्या रेघेपाशी दोघं तिघं.

एनॉक शून्यावर उभा राहिला. पुढे बारा पाठी, कुणी वीस यार्डांवर, कुणी सत्तर. धावायचे बूट त्याने घातलेच नव्हते. रोजच्या लाकडी तळाच्या बुटांत होता. हे बघून कुणीतरी हसेल, विचारेल, असं त्याला वाटलं होतं. कुणी विचारलं नाही.

पिस्तूल वाजलं. बारा पाठी निघाल्या. एनॉकने हाताची घडी घातली.

उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याने ही शर्यत इथून पाहिली. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. माणसं त्याच्या बाजूने धापा टाकत जात होती, त्यांच्यातल्या एकाचीही नजर त्याच्यावर पडली नाही. तिसऱ्या फेरीत सगळ्यात मागचा माणूस बाजूला सरकला. मागे कुणी नव्हतं. तो सरकला, मान वळवून पुढे गेलेल्याकडे पाहिलं, आणि परत आतल्या दोरीशी आला. एकदाच. आज दुसऱ्यांदा सरकायची गरज नव्हती. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. नांगर चालावा तशी मधे एक वाट उघडत गेली आणि मागे मिटत गेली. चौथ्या फेरीत पोस्टमन सरकला. लोक उठून उभे राहिले. ओरडू लागले. ते काय ओरडतायत ते एनॉकला दूरवरून ऐकू आलं, आणि आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

थ्रेलफॉल, थ्रेलफॉल.

समोर पॅव्हेलियनपाशी तांबडा धागा पडला. सर्वांत पुढचा माणूस अजून वीस यार्ड मागे होता.

कर्ण्यातून एंटविसलचा आवाज आला. थकलेला, स्पष्ट. "पहिला, थ्रेलफॉल."

एनॉकने घडी सोडली. मी इथे आहे, तो ओरडला. मी धावलो नाही, इकडे बघा. टाळ्यांत ते बुडालं. त्याच्यापासून चार हातांवर एक शेतकरी मुलाला खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवत होता. एनॉकने त्याचा दंड धरून हलवला. शेतकऱ्याने माशी झटकावी तसा दंड झटकला आणि पॅव्हेलियनकडेच बघत राहिला. खांद्यावरचं मूलही तिकडेच बघत होतं.

आणि मग एनॉकला दिसलं, की ते पॅव्हेलियनकडे बघत नव्हते.

माना वळत होत्या. दोरीला लागून उभी असलेली माणसं, एकामागून एक, हळूहळू मान वळवत होती. पॅव्हेलियनपुढची वळून थांबली, मग वळणावरची वळू लागली. कौतुकाने हसत, टाळ्या वाजवत, जिंकलेला माणूस समोरून सावकाश धावत जातोय त्याला बघावं तशी. धागा तुटूनही तो थांबला नव्हता. वळण घेऊन नदीकडे येत होता. टोप्या उडत होत्या, त्या उडण्याची ओळ जवळ येत होती. मधे गवत. गवतावर कुणी नाही. फक्त एकदा, वळण संपतं तिथे, उन्हात क्षणभर एनॉकला दिसलं असं वाटलं. एक खांदा पडलेला. आणि या वेळी पाठ नव्हती.

त्याने डोळे मिटले नाहीत. पाय मात्र मागे जाऊ पाहत होते. मागे नदी होती.

शेतकऱ्याची मान वळू लागली. करवतीचा तो आवाज आता वीस यार्डांवर होता, मग दहा. टाळ्यांच्या खाली, जमिनीलगत.

"मीही धावलो होतो," एनॉक म्हणाला. ओरडला नाही. मागखात्यात बोलतात तसा, ओठांनी. "तुझ्या मागे तीन यार्ड. चौथा आलो. टॉम म्हणून मीच होतो."

दोरीच्या या टोकापर्यंत सगळ्या माना वळल्या. शेतकरी, त्याच्या खांद्यावरचं मूल, पलीकडच्या बाया, सगळे आता त्याच्याकडे आणि त्याच्या डाव्या बाजूला बघत होते. टाळ्या बंद झाल्या.

श्वास त्याच्या शेजारी, शून्याच्या रेघेवर येऊन थांबला. गुडघ्यांवर हात टेकून घेतात तसा एकदा घेतला. पुन्हा एकदा घेतला.

एनॉक पुढच्या श्वासाची वाट बघत उभा राहिला.